धोकादायक कामाला ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क निविदेत लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिचे कलम १४ वाचताना मला २०२० चा उन्हाळा आठवला. करोनामुळे आपण सारे घरात बसलो होतो आणि घंटागाडी मात्र रोज येत होती. विलगीकरणातल्या घरांचा संसर्गजन्य कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्यावा, इतरांनी वापरलेले मास्क-हातमोजे ७२ तास कागदी पिशवीत ठेवून मगच टाकावेत, अशा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना होत्या. आमच्या ऐरोलीच्या गल्लीत तरी भाजीच्या देठांतून मास्क निघत होते आणि कामगार ते उघड्या हातांनी बाजूला काढत होते. आमच्या शेजारच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या ताईंनी बाधित कुटुंबाचा मजला पुसण्याआधी हातमोजे मागितले. सुपरवायझर म्हणाला, “जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका, दुसरी बाई तयार आहे.” ताईंनी मजला पुसला. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या, दुसरे काय करणार?

हातमोजे मागणे ही काही मेहेरबानीची याचना नव्हती. कचरा हाताळणाऱ्यांना गणवेश, हातमोजे, मास्क, रेनकोट, योग्य पादत्राणे मिळतील हे पाहणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांवर सोपवलेलेच होते. त्याच २०२० च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली. तो मान ज्यांच्या कष्टाचा, त्यांना साधा नकार देता येत नव्हता.

नवी संहिता तरी तो हक्क देते का? कलम १४ नुसार जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असे रास्तपणे वाटले, तर कामगार ते मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाला पटले नाही तरी त्याने प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचेच. इथवर चांगले आहे. पण निरीक्षक येईपर्यंत कामगाराने काय करायचे? काम थांबवले तर पगार कापणार नाही, कामावरून काढणार नाही, असे हे कलम कुठेच म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारात नेमके हेच लिहिले आहे: गंभीर आणि तातडीच्या धोक्यातून बाजूला झालेल्या कामगाराला त्याचे परिणाम भोगावे लागू नयेत. आपल्याकडे कंत्राटी कामगाराने हात आखडला की मुकादम खाडा मांडतो, आणि दोन-तीन खाड्यांनंतर हजेरीपटातले नावच जाते. अशा माणसाने तक्रार करायची तरी कशाच्या बळावर?

नुसती बंदी पुरत नाही, हे ठाणेकरांनी पाहिले आहे. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३ पासून कायद्याने मनाई आहे. तरी मे २०१९ मध्ये ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात तीन कामगारांचा जीव गेला. टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला “मी उतरणार नाही” म्हणता येत नसेल, तर कायदा कागदावरच राहतो. भरपाई मात्र वाढत गेली. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवले, २०२३ मध्ये ३० लाख. मेल्यावरचे पैसे वाढले, पण जिवंतपणी मागे सरण्याची मुभा होती तिथेच आहे. मला याचा संताप येतो.

साथीत सफाई थांबली तर शहरच आजारी पडेल, असे यावर कुणी म्हणेल. ही भीती खरी आहे. पण इथे कुणी संप करत नाही. हातमोजे आणि मास्क येईपर्यंत तेवढे एक काम थांबवायचे, बाकीची झाडलोट चालू ठेवायची. दुपारपर्यंत साहित्य पोहोचले तर संध्याकाळी काम झालेले असते. उलट संसर्ग झालेला कामगार तुर्भे स्टोअर किंवा चिंचपाड्यातल्या एका खोलीत पाच-सहा जणांत झोपतो, सार्वजनिक शौचालय वापरतो आणि सकाळी दारोदारचे डबे उचलतो. त्याला वाचवणे हा साथ रोखण्याचाच भाग आहे.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी सफाईच्या पुढच्या निविदांत स्पष्ट अट घालावी. धोका कळवून थांबलेल्या कामगाराची त्या दिवसाची हजेरी पूर्ण लागावी. ते काम दुसऱ्या कुणालाही तसेच, साधनांशिवाय देऊ नये. निरीक्षकाचा निर्णय येईपर्यंत त्याला काढल्यास कंत्राटदाराला दंड व्हावा. सुरक्षा साहित्याचा खर्च निविदेत वेगळा दाखवावा, म्हणजे कमी दर भरण्याच्या चढाओढीत त्यालाच कात्री लागणार नाही. आणि गृहनिर्माण संस्थांनी महापालिकेची वाट पाहू नये. हाऊसकीपिंगच्या करारात हीच अट घालायला पुढच्या सर्वसाधारण सभेतला एक ठराव पुरे आहे.

आपली,
एक वाचक, ऐरोली