रविवारची मीटिंग: पिडियाट्रिक एंडोक्राइनला (मुलांचे हॉर्मोनचे आजार) जायचंय त्यांच्यासाठी

मंडळी, रविवारी सकाळी ११ ला कर्वे रोडच्या नेहमीच्या हॉलवर जमायचंय. एमडी पीडिया (बालरोग) झाल्यावर एंडोक्राइनचं काय करायचं, हा प्रश्न ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतं आणि उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून एकदाच बसून बोलू.

थोडक्यात सांगते. डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री) एंडोक्रायनॉलॉजी तीन वर्षांची, पीडियावाल्यांनाही चालते, पण तिथे मोठ्यांचं थायरॉइड नि टाइप २ डायबेटिस भरपूर बघावं लागतं, त्याची तयारी असेल तरच जा. चंदीगडच्या पीजीआयला खास मुलांच्या एंडोक्राइनची डीएम आहे. पण एम्स, पीजीआय, जिपमर अशा केंद्राच्या संस्थांच्या सीट आयएनआय-एसएस या त्यांच्या वेगळ्या प्रवेश परीक्षेने भरतात, बाकीच्या कॉलेजांच्या नीट-एसएसने नाही, दोन्ही फॉर्मच्या तारखा वेगळ्या, तेवढं बघून ठेवा. डीएमऐवजी इथेच फेलोशिप (छोटा ट्रेनिंग कोर्स) करणाऱ्यांनी आधी विचारून घ्या की ओपीडीत स्वतः पेशंट बघायला मिळतात का, नुसतं सर्टिफिकेट काय कामाचं. यूकेला जाणाऱ्यांनी आरसीपीसीएचचं (तिथलं बालरोगतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज) सब-स्पेशालिटी ट्रेनिंग, ज्याला ग्रिड म्हणायचे, ते वाचून या, आणि अमेरिकेत तीन वर्षं रेसिडेन्सी, वर तीन वर्षं फेलोशिप, म्हणजे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा 😄

दुसऱ्या तासाला प्रॅक्टिकल. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून बोन एज (हाडांचं वय) काढू, ऑर्किडोमीटरचे (मुलग्यांच्या वृषणाचा आकार मोजायची माळ) मणी हाताळू (लाजू नका), आणि टाइप १ डायबेटिसच्या मुलाच्या डब्यातल्या पोळी-भाजीचे कार्ब (कार्बोहायड्रेट) मोजू. एक्स-रे आणलात तर पेशंटचं नाव झाकून आणा प्लीज. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच "येतोय / येतेय" टाका, नाश्त्याचा आकडा द्यायचाय.