दराआधी टायर बघायला लावणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, गाडी कशी आहे?" म्हणून विषय बदलता. इथं तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

ट्रकचं हेवी लायसन्स हातात पडून आठवडा झाला होता. नव्या ड्रायव्हरला घ्यायला दोन कंपन्या तयार होत्या आणि माझं ठरलेलं होतं. एकीचा किलोमीटरचा दर दुसरीपेक्षा २० टक्क्यांनी जास्त, त्यात विचार कसला करायचा? खरं सांगायचं तर मी सल्ला विचारायला नाही, बातमी सांगायला आलो होतो. तुम्ही एक पाठकोरा कागद पुढे ओढलात आणि विचारलंत, "चाक किती दिवस फिरणार?"

मला प्रश्नच कळला नाही. लायसन्सच्या परीक्षेत कुणी असं विचारत नाही. मग तुम्हीच समजावलंत की पैसे किलोमीटरचे मिळतात, उभ्या गाडीचे नाही. जास्त दरवाल्या कंपनीच्या गाड्या गोदामांच्या दाराशी आठवड्यातून दोन दोन दिवस खोळंबतात, हे तुम्हाला तिथल्याच ड्रायव्हरांकडून माहीत होतं. म्हणजे ६ दिवसांपैकी ४ दिवस चाक फिरणार. दुसरीकडे खोळंबा अर्ध्या दिवसाचा. दुसरीची दिवसाची कमाई १०० धरली, तर पहिलीकडे ४ गुणिले १२० म्हणजे ४८०, आणि दुसरीकडे साडेपाच गुणिले १०० म्हणजे ५५०. कागद माझ्याकडे सरकवून तुम्ही चहाचा घोट घेतलात. वर आणखी दोन प्रश्न होतेच: हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याबद्दलचे, पैसे ड्रायव्हरला मिळतात की मालकाच्या खिशात राहतात? रिकामी गाडी परत आणायची वेळ आली तर ते किलोमीटर धरतात का?

पण खरी भर पडली ती दुसऱ्या दिवशी. "ऑफिसात नंतर जाऊ, आधी गेटवर," म्हणालात. जास्त दरवाल्या कंपनीच्या गेटबाहेर गाड्या रांगेनं उभ्या होत्या. तुम्ही हातातल्या लोखंडी रॉडनं मागच्या जोडचाकांवर एकेक ठोका देत निघालात. टण्ण, टण्ण, आणि मग एकदम धप्प. आतलं चाक बसलेलं होतं, सगळा भार बाहेरचं एकटं सोसत होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही नव्हता. पुढच्या गाडीपाशी उकिडवे बसून तुम्ही नटाखालून आलेला गंजाचा तांबडा ओघळ बोटानं दाखवलात. नट सैल असला की हलतो, घासतो आणि असा रडतो. तिसऱ्या गाडीचं इंजिन नुकतंच बंद झालं होतं. मला तिच्याशेजारी गप्प उभं केलंत. कुठूनतरी बारीक फुस्स ऐकू येत होतं. "ब्रेकची हवा जातेय. ड्रायव्हरनं लिहून दिलं असणार, कुणी वाचलं नसणार." दर विचारायला आत जायचं मला कारणच उरलं नाही.

तरी तुम्ही आत पाठवलंतच, तीन प्रश्न देऊन.

पहिला, शिकवणारा शेजारच्या सीटवर जागा असतो की मागे झोपतो? तेव्हा मला हा प्रश्न विनोदी वाटला होता. आता वाटत नाही. मागे झोपणारा वस्ताद म्हणजे कंपनीला एका गाडीत दोन ड्रायव्हर मिळाले आणि नव्या पोराला एकही गुरू नाही. दुसरा बाँडबद्दल. ट्रेनिंग "फुकट" आहे, तर मध्येच सोडल्यावर किती भरायचे आणि महिन्यागणिक ती रक्कम उतरते का? तिसरा सगळ्यांत साधा: "गाडी धड नाही किंवा मला झोप येतेय म्हणून मी निघणार नाही म्हटलं, तर?"

जास्त दरवाल्या कंपनीतला माणूस हसला. म्हणाला, "असं म्हणणारे इथं टिकत नाहीत." वर, हप्त्यानं गाडी तुझ्याच नावावर करून देतो, मालक होशील, असंही आमिष दाखवलं. हप्ता कमाईतून कापणार आणि दुरुस्ती माझ्या माथी. दुसऱ्या कंपनीतल्या बाईंनी हसण्याऐवजी एक वही काढली. ड्रायव्हरांनी कुठली गाडी कधी आणि का नाकारली, याच्या नोंदी होत्या तिच्यात. मी तिथंच सही केली.

नंतर हौसेनं मी बाहेरच्या देशांचे नियम वाचले. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. अमेरिकेत मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला ११ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही, आणि तेही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. वाचताना तुमचा तिसरा प्रश्नच आठवत होता. नियम कागदावर सगळीकडे असतो, कंपनीत तो वापरणाऱ्याचं काय होतं ते महत्त्वाचं.

तुमचं एक मात्र मी ऐकलं नाही. "पहिली नोकरी लहान मालकाकडे कर, तो नावानं ओळखतो," म्हणाला होतात. मी मोठी कंपनी धरली आणि त्याचा मला पस्तावा नाही. दुसऱ्याच महिन्यात रिव्हर्स घेताना ट्रेलरचा कोपरा खांबाला घासला. लहान मालकाला ते नुकसान परवडलं नसतं. मोठ्या कंपनीनं मला चार दिवस मोकळ्या आवारात मागे-पुढे करत बसवलं आणि परत रस्त्यावर सोडलं. या बाबतीत आपलं जमणार नाही.

चौथ्या महिन्यात ट्रेलर जोडला, इंजिन बंद केलं, ब्रेक दाबून धरला आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. मिनिट व्हायच्या आत काटा चांगलाच खाली आला. खाली उतरून कान लावला. जोडाच्या रबरी वायसरमधून हवा जात होती, नळीलाही चीर होती. हवा फार उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात, हे मला माहीत होतं, पण भरल्या गाडीनिशी उतारावर ते अनुभवायची इच्छा नव्हती. मी नाही म्हणालो. दोन तास गेले, गाड्या रवाना करणारा डिस्पॅचवाला दिवसभर कुरकुरला, वहीत नोंद झाली.

त्या रात्री तुम्हाला फोन केला होता. तुम्ही एवढंच विचारलंत, "पगारातून काही कापलं?" कापलं नव्हतं.

"मग झोप आता," म्हणालात आणि फोन ठेवलात. आभार तेव्हाच मानायचे होते.

तुमचा,
बातमी सांगायला आलेला

ता. क. तो रॉड अजून माझ्याच केबिनमध्ये आहे. परत मिळणार नाही.