ई-कादंबरीची मांडणी स्टाइलनेच व्हावी

महोदय,

मराठी ई-कादंबरी मोबाइलवर उघडली की प्रकरणाचं नाव एका पानाच्या तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर, मध्येच रिकाम्या ओळी, असं बरेचदा दिसतं. वाचक ॲपला दोष देतात, पण दोष बहुधा मूळ वर्ड फाइलीत असतो. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, आतून वेबपानासारखंच असतं. एंटर आणि स्पेसबार दाबून जमवलेली छापील पानाची मांडणी तिथे टिकत नाही, स्टाइल, म्हणजे वर्डमध्ये नाव देऊन एकदाच ठरवलेलं अक्षराचं आणि परिच्छेदाचं रूप, टिकते.

कादंबरीला चार-पाच स्टाइल पुरतात: प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १', मजकुराला एक, प्रसंगबदलाच्या खुणेला एक, पत्रं-कवितांना एक. 'हेडिंग १'मध्येच 'पेज ब्रेक बिफोर' चालू करावं, म्हणजे प्रकरण नव्या पानावर सुरू होतं. अनुक्रमणिकाही याच स्टाइलवरून तयार होते. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं नाव तिच्यात येत नाही. मजकुराच्या स्टाइलमध्ये पहिल्या ओळीचा इंडेंट अर्धा सेंटिमीटर आणि ओळींतलं अंतर साधारण १.४ पट ठेवावं. हे अंतर 'एक्झॅक्टली' निवडून पॉइंटात बांधून टाकलं, तर अक्षर मोठं करताच रफार आणि मात्रा वरच्या ओळीत घुसतात. अक्षरांचा रंग 'ऑटोमॅटिक'च असावा. काळा ठरवून दिला तर काही ॲपमध्ये रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर दिसेनासा होतो.

मराठीत एक अडचण हमखास येते. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' धरतं, त्यामुळे स्टाइलमधला फाँट आणि आकार त्याच रकान्यात बदलावा लागतो. लॅटिनच्या रकान्यात १४ लिहून देवनागरी जागची हलत नाही. मग वैतागून सगळा मजकूर निवडून हातानेच बदलला जातो आणि स्टाइल नावापुरती उरते.

जुनी फाइल साफ करताना क्रम चुकवू नये. मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फाँटात (तो फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नाही) असेल तर आधी तो युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरं तपासावीत. मग प्रसंग बदलतो तिथल्या रिकाम्या ओळीत तीन फुल्या टाकाव्यात, आणि त्यानंतरच 'फाइंड-रिप्लेस'ने लागोपाठच्या दोन परिच्छेदखुणांची (एंटर दाबल्यावर पडणाऱ्या खुणांची) एक करत जावं. फुल्या राहून गेल्या तर सकाळचा प्रसंग थेट रात्रीच्या प्रसंगाला चिकटतो आणि ती जागा पुन्हा शोधायला अख्खी कादंबरी वाचावी लागते.

प्रकाशकांनी अशी स्टाइल लावलेली कोरी फाइल लेखकाला लिहायच्या आधीच द्यावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. आणि विक्रीला ठेवण्यापूर्वी निदान एका साध्या फोनवर, अक्षर सर्वांत मोठं करून, पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून पाहावं.

– मराठी ई-पुस्तकांची मांडणी करणारे काही जण