रत्नागिरीला जाऊन आले, पण कोर्टात नाही

आई, बाबा,

आधी कबुली देते, मग बाकीचं. शनिवारी संगमेश्वर स्टँडवर दापोली-रत्नागिरी गाडीत तुमची मुलगी दिसली असं कोणीतरी घरी येऊन सांगितलं आणि आईने फोनवर विचारलं तेव्हा मी "छे गं, मी हॉस्टेलवरच होते" म्हणून ठोकून दिलं, तर ती मीच होते. गाडी दहा मिनिटं थांबली होती. बाजूलाच देवरुखची गाडी दार उघडं टाकून उभी, कंडक्टर खाली उतरून चहा पीत होता, एक पाऊल टाकलं असतं तर तासाभरात घरी भाकरी खात बसले असते. नाही उतरले. घरी आले की मग रविवारी संध्याकाळी निघताना आई रडणार, बाबा स्टँडपर्यंत येणार, आणि रत्नागिरी राहूनच जाणार, म्हणून नाही उतरले.

आणि रत्नागिरी कशाला तर नुसती बघायला! तुम्ही हसाल. आपल्याकडे रत्नागिरीला बघायला कोण जातं, एक तर कोर्टाची तारीख नाहीतर सिव्हिलला कोणीतरी ॲडमिट. बाबा, सामाईकातल्या त्या बांधाचं अपील चालू होतं तेव्हा तुम्ही अकरा वर्षं पहाटेच्या गाडीने डबा घेऊन जायचात आणि रात्री तोंड पाडून यायचात, मी लहान होते, मला वाटायचं रत्नागिरी म्हणजे एक मोठी चिंचोळी खोली असणार जिथे माणसं फाईल घेऊन बसतात. परवा हॉस्टेलवर मैत्रिणीला मी म्हटलं की आमचा जिल्हा रत्नागिरी पण मी रत्नागिरी बघितलेलीच नाही, तर ती म्हणाली चल, माझ्या मावशीकडे राहू, राहायचा खर्च शून्य. झालं, निघालो. एसटीला आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे तेही परवडलं. हायवेचं काम अजून चालूच आहे, हातखंब्यापर्यंत कंबर ढिली झाली, ते तुम्हाला माहितीच आहे.

पहिल्यांदा थिबा पॅलेस. मारुती मंदिरावरून चालतच गेलो, रिक्षाचे पैसे वाचवले. नाव ऐकून होते पण गोष्ट माहीत नव्हती. थिबा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, 1885 ला इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं, आधी मद्रासला नेलं आणि 1886 मधे रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला 1910 ला, म्हणजे चोवीस वर्षं तो आधी दुसरीकडेच राहिला, आणि नवीन घरात सहाच वर्षं मिळाली, 1916 ला गेला. त्याची समाधीपण इथेच रत्नागिरीत आहे. आता आत म्युझियम आहे, तिकीट अगदी किरकोळ.

आई, तुला खिडक्या आवडल्या असत्या. वरून अर्धगोल, सागवानी, कोरीव काम केलेल्या. मागच्या बाजूला गेलं की खाली काजळी नदी, भाट्याची खाडी, पूल आणि राजिवड्याच्या होड्या. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. संध्याकाळी होड्या एकेक करून आत येत होत्या आणि मला वाटलं हा माणूस रोज बघत असणार, सगळे आपापल्या घरी परततात आणि आपल्याला तेवढं एक सोडून बाकी सगळं करायची परवानगी. (आणि मी बाई संगमेश्वरला दहा मिनिटं थांबून घरी न जाता आलेली!) त्याच्या थोरल्या राजकन्येचं राजवाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या दरवानावर मन बसलं, त्यांची मुलगी टूटू, ती रत्नागिरीतच वाढली, मराठीच बोलायची. राजाची नात, आणि आपल्यासारखंच बोलणारी.

मावशीला मी विचारलं, इतक्या लांबून राजाला इथेच का आणलं? त्या म्हणाल्या, अगं तेव्हा इथे यायचं कसं, समुद्रातून बोटीने नाहीतर घाट उतरून, माणूस नजरेआड करायला बरी जागा. खरंय की, कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला 1998 उजाडलं. सावरकरांनाही 1924 पासून 1937 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच ठेवलं होतं. पण त्या काळातच इथे पतितपावन मंदिर उभं राहिलं, 1931 ला, पैसे भागोजीशेठ कीरांचे, सगळ्या जातींना आत जायला मोकळं. आम्ही गेलो तेव्हा गाभाऱ्यासमोर दोन शाळकरी पोरं गणिताचा गृहपाठ करत बसली होती, पंख्याखाली.

टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे, उतरत्या कौलांचं. ते आपल्या जुन्या घरासारखंच दिसतं, बाबा, फक्त ह्याची निगा राखलीय.

रविवारी रत्नदुर्ग. तिथे फजिती झाली, चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय अनवाणी, जांभ्याचा दगड दहा वाजताच तापलेला, मैत्रीण हसून हसून खाली बसली. भगवतीच्या देवळाजवळ ओटीचं सामान विकणाऱ्या काकूंनी सुतळीचा तुकडा काढून चप्पल अशी बांधून दिली की अजून तीच घालतेय, पैसे घेतले नाहीत म्हणून मग त्यांच्याकडूनच नारळ घेतला. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी समुद्र. वरून एका बाजूला काळी वाळू आणि दुसरीकडे पांढरी, म्हणून इथले लोक काळा समुद्र, पांढरा समुद्र म्हणतात, मला वाटायचं उगाच म्हणत असतील.

जेवण एकदाच बाहेर, बांगडा थाळी दोघींत एक आणि चपात्या वाढवून घेतल्या. सुरमई परवडत नाही. दोन दिवसांत माझे सगळे मिळून 585 रुपये गेले, त्यात नारळ धरलाय. बाबा, हिशोब वहीत लिहिलाय, विचारू नका.

आता मुद्द्याचं. बाबांना पासष्टच्या वरचं म्हणून अर्धं आणि आईला बाई म्हणून अर्धं, म्हणजे तुमचं दोघांचं मिळून एकच फुल तिकीट. आधार कार्ड तेवढं ठेवा. आईचा गुडघा दुखत असेल तर किल्ला सोडा, राजवाडा आणि खाडी बसूनपण बघता येते. कोर्ट वाटेत लागलं तर लागलं. शिमग्याला मी येतेच, पालखी आपल्याकडे कुठल्या दिवशी ते कळवा, त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ. मोहोरावर तुडतुडे आलेत का बघून ठेवा, फवारणी मी आल्यावर ठरवू, दुकानदार सांगेल ते औषध मारू नका.

आणि ज्यांनी मला गाडीत बघितलं त्यांना सांगा, ती झोपलेली नव्हती, तुम्हाला बघूनच तिने तोंड फिरवलं.

तुमची,
धाकटी