सूचना : जुन्या व्हीएचएस कॅसेट येत्या रविवारी जमा करा

सर्व सभासदांना नमस्कार,

मंडळाच्या व सभासदांच्या घरच्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करण्याचं काम सुरू होतंय. येत्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत शिवाजी पेठेतल्या आपल्या हॉलवर कॅसेट आणून द्या. नोंद कार्यवाह घेतील.

नवे व्हीसीआर (या व्हिडिओ कॅसेट चालवणारी मशीन) बनणं २०१६ मध्येच थांबलंय. चालू मशीन मिळालंय तोवर हे उरकायलाच हवं. खासबागेतल्या कुस्त्या, गणपतीच्या मिरवणुका, आता हयात नसलेली आपली वडीलधारी माणसं... हे दुसरीकडे कुठेच नाही.

कृपया एवढं पाळा :

- कॅसेट घरी लावून बघू नका. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. लावल्यास मशीनचं हेड (टेप वाचणारा भाग) खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत आणा.
- मागच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडून काढा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही.
- २०१९ च्या पुरात भिजलेली कॅसेटही टाकू नका, आणाच.
- नाव आणि अंदाजे साल चिठ्ठीवर लिहा.

डिजिटल केलेल्या एका तासाच्या रेकॉर्डिंगला सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणून पेनड्राइव्ह नको, हार्ड डिस्क आणा. मोबाईलसाठी लहान एमपी४ फाईल वेगळी देऊ. मूळ कॅसेट परत मिळेल. ती फेकू नका.

– कार्यवाह