चुकलेल्या चाचणीला शून्य का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी बीजगणित शिकवते. सत्र सुरू होताना मुलांच्या हाती जे पत्रक पडते, त्यात परीक्षांविषयी एक ओळ बहुधा असतेच : 'चुकलेली चाचणी पुन्हा घेतली जाणार नाही, सबळ कारण असल्यास अपवाद.' सबळ म्हणजे काय, ते कोण ठरवणार, किती दिवसांत कळवायचे, याचा पुढे पत्ता नसतो. ही ओळ लिहून मोकळे होणाऱ्यांनी तिचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

चार चाचण्या, चारींना सारखेच वजन. एका मुलीला तिन्हींत ८० गुण आहेत. चौथीच्या दिवशी ती तापाने फणफणलेली होती. शून्य धरले की तिची सरासरी ६०. तिच्याच बरोबरीचा दुसरा विद्यार्थी चौथ्या चाचणीला आला, निम्मा पेपर कोरा ठेवून ४० घेऊन गेला, तर त्याची सरासरी ७०. कोणाला बीजगणित किती येते, हे या आकड्यांवरून कसे कळायचे? शून्य याचा अर्थ 'काहीच येत नाही'. जिची उत्तरपत्रिकाच आपल्यासमोर नाही, तिच्याबद्दल असे म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

मग सांगतात, डॉक्टरांचा दाखला आणा. दोन दिवस पोट बिघडून अंथरुणाला खिळलेला मुलगा दवाखान्यात न जाताच बरा होतो. मूल आजारी पडलेली विद्यार्थिनी स्वतः आजारी नसते. कोणाची कामाची पाळी आदल्या रात्री बदलते. यांना दाखला कोण देणार? आणि आणलेला दाखला खरा की खोटा, हे गणिताच्या शिक्षकाने कशावरून ओळखायचे? शेवटी ज्याला चिकाटीने गयावया करता येते त्याला चाचणी मिळते आणि बुजरे मूल मुकाट्याने शून्य पदरात घेते. हे पाहताना फार वाईट वाटते.

काही ठिकाणी सर्वांत कमी गुणांची एक चाचणी सोडून देतात. कोणाला कारण विचारावे लागत नाही, एवढे त्यात चांगले. पण लॉगॅरिदमची चाचणी सोडायची, असे आधीच ठरवून तो भाग न वाचणारी मुले निघतात आणि पुढे कॅल्क्युलसमध्ये नेमकी तिथेच अडतात. दुसरी रीत अंतिम परीक्षेचे गुण चुकलेल्या चाचणीला लावण्याची. तीन चाचण्या प्रत्येकी २० टक्के आणि अंतिम परीक्षा ४० टक्के असेल, तर अशा मुलाची अंतिम परीक्षा ६० टक्क्यांची होऊन बसते. आजारातून उठलेल्यावर एकाच दिवसाचा एवढा भार टाकणे मला पटत नाही.

म्हणून फेरचाचणीच हवी, आणि ती मूळ चाचणीच्या तोडीची हवी. इथे आम्हा शिक्षकांचीच कसोटी असते. 'नुसते आकडे बदलले' म्हणून भागत नाही. √(क्ष + ६) = क्ष हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्षच्या किमती ३ आणि −२ येतात. त्यातली −२ मूळ समीकरणात बसत नाही. ताळा न करणारा इथे सापडतो. फेरचाचणीत √(५क्ष − ६) = क्ष दिले, तर २ आणि ३ दोन्ही बसतात आणि ताळा न करणाराही पूर्ण गुण घेऊन जातो. उलटही होते. क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव कोणालाही पाडता येतात. त्या ६ च्या जागी ३ लिहिले की विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या, १३ येतो; तो पूर्ण वर्ग नाही, म्हणून सूत्राशिवाय सुटका नाही. तेव्हा दोन्ही प्रश्नपत्रिका एकाच वेळी, चाचणीच्या आधीच काढाव्यात आणि दोन्ही दुसऱ्या शिक्षकाकडून सोडवून घ्याव्यात. आजारी पडल्याची शिक्षा म्हणून मुद्दाम अवघड पेपर काढणारेही आहेत. ते सरळसरळ अन्यायाचे आहे.

सहकारी म्हणतात, मुले मुद्दाम दांडी मारतील, अभ्यासाला जास्तीचा आठवडा मिळवतील. काही मारतीलही. पण त्या आठवड्यात एखादा वर्गसमीकरणे शिकला, तर माझी काही तक्रार नाही. मला खरी अडचण वाटते ती बाकीच्या वर्गाची. फेरचाचणी होईपर्यंत तपासलेले पेपर परत देता येत नाहीत, आणि तोवर आपले कुठे चुकले हे कळायला उशीर होतो. बीजगणितात हा उशीर महागात पडतो, कारण अवयव पाडताना होणारी चूक दुरुस्त व्हायच्या आत वर्ग परिमेय राशींवर, म्हणजे बहुपदींच्या अपूर्णांकांवर, पोचलेला असतो. म्हणून फेरचाचणी आठवड्याच्या आतच व्हावी. सत्रात एकदा ती कोणतेही कारण न विचारता मिळावी. त्याहून जास्त वेळा गरज पडली, तर एकट्या शिक्षकाने नव्हे, विभागाने निर्णय घ्यावा.

पर्यवेक्षणाला माणसे नाहीत, हे कारण नेहमी पुढे येते. सगळ्या तुकड्यांची फेरचाचणी आठवड्यातल्या एका ठरलेल्या वेळी, एकाच खोलीत घेतली तर एक पर्यवेक्षक पुरतो. तो वार, ती वेळ, खोली, कोणाला कळवायचे आणि कधीपर्यंत, एवढे पुढच्या सत्राच्या पत्रकात छापावे, अशी गणित विभागांना या पत्राद्वारे विनंती आहे.

आपली,
बीजगणिताची एक प्राध्यापिका