शनिवारचा अपूर्णांकांचा वर्ग : ताई-दादांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार,

येत्या शनिवारी पाचवी-सहावीच्या मुलांचा अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार घ्यायचा आहे. प्रत्येक गटासाठी एक मोठं पातेलं, पाव लिटरचं माप आणि कोरे कागद घेऊन या.

एक कळकळीची विनंती. 'दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा' हा नियम सुरुवातीलाच सांगू नका. मुलं तो पाठ करतात, पण भागाकार करूनही उत्तर मोठं कसं आलं, हे त्यांना उमगत नाही. पातेल्यात दीड लिटर पाणी ठेवा आणि पाव लिटरच्या मापाने मुलांनाच काढू द्या. सहा मापं निघाली की विचारा, "दीडमध्ये पाव किती वेळा मावला?" मगच फळ्यावर लिहा: ३/२ ÷ १/४ = ६. सहा हे दीडपेक्षा मोठे का, यावर त्यांना मनसोक्त बोलू द्या. घाई नको, खरा धडा तिथेच आहे.

गुणाकाराला कागद पुरेसा आहे. उभ्या घड्या घालून चार सारखे भाग करा, तीन रंगवा, मग आडवी मधोमध घडी घाला. पाऊणचं निम्मं म्हणजे ३/८, हे मुलं स्वतःच मोजून सांगतील.

पावकी, निमकी, दीडकी (म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे जुने पाढे) पाठ असलेले आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांना आग्रहाने घेऊन या.

येणं जमणार नसेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा, म्हणजे गट पाडता येतील.